दाढ काढल्यानंतरचा आठवडा

(वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शरीरशास्त्राच्या तासाला मुलांना आपापले दात जिभेनं मोजायला लावायचे, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. पुस्तकात बत्तीस छापलेले आणि वर्गात कुणाचेच अठ्ठावीसच्या वर भरायचे नाहीत. मग सर म्हणायचे, "उरलेले चार अजून हाडात आहेत. कॉलेजात गेलात की कळेल." त्या उरलेल्या चारांवर मी आज बोलणार आहे. विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. व्याख्यानमालेत अर्थकारणावर बोलावं, संतवाङ्मयावर बोलावं. अक्कलदाढ हा काय विषय झाला? पण मुखशल्यचिकित्सा हा माझा व्यवसाय आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसून मी वर्षानुवर्षं एक गोष्ट पाहत आलो आहे. शस्त्रक्रिया उत्तम झालेला माणूस चौथ्या दिवशी गाल धरून, रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांनी परत येतो. दाढ व्यवस्थित निघालेली असते. बिघडलेलं असतं ते त्यानंतरचं.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. दाढ काढणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम, ते आमचं. बरं होणं हे आठवड्याचं काम, ते रुग्णाचं आणि त्याच्या घरच्यांचं. पहिल्या कामासाठी आम्ही आठ वर्षं शिकतो. दुसऱ्या कामाचं शिक्षण रुग्णाला दोन मिनिटांत मिळतं, तेही तोंडात गॉजचा बोळा, ओठ बधिर आणि सगळं लक्ष बाहेर पडायच्या दाराकडे असताना. त्या वेळी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहील? हे बदलायला हवं, आणि ते बदलणं अवघड नाही.

आधी या दाढेविषयी थोडं. ती साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षी येते. सगळ्यांना येतेच असं नाही. साधारण पाचांतल्या एकाला चारांपैकी एखादी तरी दाढ मुळात तयारच होत नाही, आणि त्यात काहीही वावगं नाही. ज्यांना येते त्यांच्यापैकी पुष्कळांच्या जबड्यात तिला जागा नसते. जबडा वाढायचा तेवढा वाढून झालेला असतो, पुढचे अठ्ठावीस दात आपापल्या जागी बसलेले असतात, आणि ही शेवटी येणारी दाढ मग तिरपी होते, कधी पूर्ण आडवी होऊन पुढच्या दाढेच्या मुळाशी डोकं टेकते. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला कललेली दाढ सर्वांत जास्त आढळते. हा आजच्या मऊ खाण्याचाच परिणाम आहे असं सरसकट म्हणण्यापूर्वी एक उदाहरण ऐका. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये फ्रान्समधल्या काप ब्लाँ इथं सापडलेला एका स्त्रीचा सांगाडा आहे, सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वीचा. अक्कलदाढा बाहेर दिसत नाहीत म्हणून ती कोवळ्या वयाची मुलगी असावी असं बरीच वर्षं मानलं जाई. पुढे तिच्या जबड्याचे एक्स-रे काढले, तेव्हा दाढा हाडात अडकून राहिल्याचं दिसलं. ती प्रौढ स्त्री होती. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसालाही हा त्रास चुकला नव्हता.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही तो ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत मुखरोगांमध्ये 'अधिमांसक' नावाचा विकार वर्णिला आहे. जबड्यातल्या सर्वांत मागच्या दाताशी मोठी सूज येते, तीव्र वेदना होतात आणि लाळ गळते. उपाय सांगितला आहे तो वाढलेलं मांस कापून काढण्याचा आणि मधात कालवलेली औषधी चूर्णं लावण्याचा. आमच्या ओपीडीत आजही हेच चित्र दिसतं. दाढ अर्धी वर आलेली असते, तिच्यावर हिरडीचा एक पदर आलेला असतो, आणि त्या पदराखाली भाताचं शीत, पोह्याचा कण, भाजीचा धागा जाऊन बसतो. ब्रश तिथवर पोचत नाही. कण कुजतो, पदर सुजतो, वरची दाढ त्या सुजलेल्या पदरावर आदळते, आणि दोन दिवसांत तोंड उघडेनासं होतं. परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहातली मुलं या तक्रारीसाठी हटकून येतात. जागरण, चहावर काढलेल्या रात्री आणि दात घासायचा कंटाळा, हे तिन्ही एकत्र आलं की हा पदर उठतोच.

बहुतेक वेळा हे दुखणं आतून धुऊन, औषध देऊन शमतं. पण ते दर दोन-चार महिन्यांनी उलटत असेल तर अंगावर काढू नये. जबड्याच्या मागच्या भागातला पू हनुवटीखाली आणि गळ्याच्या दिशेनं पसरू शकतो. १८३६ साली जर्मन डॉक्टर लुडविग यांनी जिभेखाली आणि मानेत पसरणाऱ्या अशा सुजेचं वर्णन केलं. तिला आजही त्यांचंच नाव आहे. तिथं जीभ वर उचलली जाते, श्वासाची वाट अडते, आणि मग प्रश्न दाढेचा राहत नाही, जिवाचा होतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांतल्या अनेकांनी आधीचे कित्येक महिने मेडिकलच्या दुकानातून गोळ्या घेऊन वेळ मारून नेलेली होती.

मग प्रत्येकानं ही दाढ काढूनच टाकावी का? माझं उत्तर स्पष्ट आहे, नाही. एके काळी अडकलेली दाढ दिसली की काढायची, अशी पद्धत पुष्कळ देशांत होती. इंग्लंडमध्ये २००० साली नाइस या त्यांच्या राष्ट्रीय संस्थेनं सांगितलं की जिला कोणताही आजार नाही अशी अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. मला ते पटतं. दाढ सरळ आली आहे, घासता येते, किडलेली नाही, पुढच्या दाढेला धक्का देत नाही, तर तिला राहू द्यावं आणि अधूनमधून तपासून घ्यावं. पण वारंवार सूज येते, ती स्वतः किडली आहे, शेजारच्या दाढेला कीड लावते आहे, किंवा तिच्याभोवती गाठ धरली आहे, असं दिसलं तर टाळाटाळ करू नये. विशी-पंचविशीत हाड लवचिक असतं, मुळं पुष्कळदा पूर्ण झालेली नसतात, जखम लवकर भरते. चाळिशीनंतर तीच दाढ काढायला जास्त हाड कोरावं लागतं.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. वरची दाढ काढली की डोळ्याची नस दुखावते आणि नजर जाते, हा समज गावागावांत आहे. शिकलेल्या घरांतही मी तो ऐकतो. वरच्या दातांना संवेदना देणारी नस वेगळी. दृष्टीची नस डोळ्याच्या मागून निघते ती थेट मेंदूत जाते. तिचा दातांशी काही संबंध नाही. खरी काळजी घ्यावी लागते ती खालच्या दाढेची. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, ती ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. अक्कलदाढेची मुळं कधी कधी तिला अगदी खेटून असतात. म्हणून आधी ओपीजी काढतात, म्हणजे दोन्ही जबडे एका फिल्मवर दिसणारा मोठा एक्स-रे. त्यात मूळ नसेजवळ दिसलं तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन काढायला सांगतात. नस दुखावली तर ओठाचा अर्धा भाग बधिर राहतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत, महिन्यांत संवेदना परत येते. क्वचित येत नाही. ही शक्यता आधी सांगणं आमचं कर्तव्य आहे आणि ती विचारणं तुमचा हक्क आहे. सही करण्यापूर्वी संमतिपत्र वाचा. ते इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा.

आता भुलीबद्दल थोडं बोलतो, कारण वैद्यकाच्या इतिहासात अक्कलदाढेचा हा मान फार थोड्यांना माहीत आहे. १० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड गावी गार्डनर कोल्टन नावाच्या गृहस्थानं हसवणाऱ्या वायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा जाहीर खेळ केला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला ते जाणवलं नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स हे दंतवैद्य बसले होते. बाकीचे लोक हसत होते. वेल्स यांना वेगळंच सुचलं. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः खुर्चीत बसले, कोल्टननं त्यांना वायू दिला, आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्यानं त्यांची अक्कलदाढ काढली. वेल्स यांना वेदना जाणवली नाही. पुढच्याच महिन्यात बोस्टनला डॉक्टरांपुढे त्यांनी प्रयोग केला, तेव्हा रुग्ण कण्हला आणि सभेनं त्यांना लबाड ठरवलं. १८४६ साली त्याच शहरात मॉर्टन यांनी ईथरचा यशस्वी प्रयोग केला आणि कीर्ती तिकडे गेली. वेल्स १८४८ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेले, मनानं पार खचलेले. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं त्यांचं श्रेय मान्य केलं ते १८६४ मध्ये. आपल्या शोधाची परीक्षा त्यांनी आधी स्वतःच्या दाढेवर घेतली, म्हणून मला त्यांच्याविषयी मोठा आदर वाटतो.

आज अक्कलदाढेसाठी बहुधा पूर्ण भूल लागत नाही. लिग्नोकेनचं इंजेक्शन पुरतं. झायलोकेन म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ साली तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आलं. सुई टोचताना क्षणभर दुखतं. पाच-सात मिनिटांत ओठ जाड झाल्यासारखा वाटतो, जिभेची एक बाजू मुंग्या आल्यासारखी होते. मग हिरडीला छोटा छेद देऊन ती बाजूला करतात, दाढेवरचं थोडं हाड बर नावाच्या बारीक गिरमिटानं कोरतात, आणि कोरताना सतत सलाइनचं पाणी सोडतात, कारण हाड तापलं तर नंतर भरत नाही. आडवी दाढ पुष्कळदा अखंड बाहेर येत नाही. तिचे दोन तुकडे करावे लागतात. एलिव्हेटर नावाचं हत्यार लावून तुकडा सैल करताना जबड्यावर दाब येतो आणि कानाशी कडकड आवाज होतो. घाबरणारा रुग्ण याच आवाजाला घाबरतो. वेदना मेलेली असते, पण दाब आणि आवाज कळतो, हे आधी सांगितलेलं असलं तर तो शांत राहतो. सांगितलेलं नसलं तर त्याला वाटतं भूल उतरली. शेवटी खड्डा धुऊन दोन-तीन टाके घालतात. रेशमी टाके असतील तर साधारण सातव्या दिवशी काढावे लागतात. विरघळणारे असतील तर आपोआप जातात.

आणि इथून पुढे तुमचं काम सुरू होतं.

दाढ निघाल्यावर हाडात जो खड्डा उरतो, तो रक्तानं भरतो आणि ते रक्त गोठतं. ही गोठलेली गुठळी म्हणजे या सगळ्या आठवड्याचं मूळ भांडवल. तिच्याखाली उघडं हाड आणि नसांची टोकं असतात. तिच्यातूनच नव्या रक्तवाहिन्या वाढतात, महिनाभरात वर हिरडी धरते, आणि पुढच्या काही महिन्यांत खड्डा हाडानं भरून येतो. पहिले दोन-तीन दिवस ही गुठळी दुधावर नुकती धरू लागलेल्या सायीइतकी नाजूक असते. जोरात थुंकलं, चूळ खळखळवली, स्ट्रॉनं ओढून काही प्यायलं, तर तोंडात जो ओढा तयार होतो तो तिला उपटून काढू शकतो. म्हणून गॉज पाऊण-एक तास घट्ट चावून धरा, पुन्हा पुन्हा काढून बघू नका, आणि लाळ गिळत राहा. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणारच. चमचाभर रक्त लाळेत मिसळलं की तोंडभर रक्त वाटतं. घाबरून थुंकत बसलात की रक्त थांबत नाही. खरोखरच वाहत असेल तर उठून बसा, स्वच्छ गॉजची घडी जागेवर ठेवून अर्धा तास घट्ट चावा. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी तुम्ही घेत असाल तर हे आधीच सांगायला हवं, आणि ती गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. हृदयासाठी दिलेली गोळी दाढेपायी सोडणं जास्त धोक्याचं ठरू शकतं.

गुठळी गेली तर काय होतं? त्याला आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो. पहिले दोन दिवस बरं वाटत असतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक ठणका सुरू होतो. तो कानात, कपाळात जातो, तोंडाला घाण वास येतो, साध्या गोळीनं राहत नाही. आत बघितलं तर खड्डा रिकामा आणि हाड उघडं. खालच्या अक्कलदाढेनंतर हे बाकीच्या दातांपेक्षा बरंच जास्त होतं. लोक इथं अँटिबायोटिक वाढवून मागतात. त्यानं हा ठणका थांबत नाही. खड्डा हलकेच धुऊन त्यात लवंगेच्या तेलाचं औषधी ड्रेसिंग भरावं लागतं. ते भरल्यावर काही मिनिटांत रुग्णाच्या कपाळावरच्या आठ्या उतरतात. घरच्या घरी मात्र जखमेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवू नका, ते कोवळ्या मांसाला भाजतं. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवायची एक वाईट सवय आहे, तिनंही पांढरा चट्टा पडून मांस जळतं.

या ड्राय सॉकेटचं आपल्याकडचं मोठं कारण तंबाखू. धूर असो की चुना लावून मळलेली, निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि खड्ड्याला रक्त कमी पोचतं. पण मला इथं विशेष बोलायचं आहे ते मिश्रीबद्दल. केसपेपरवर एक रकाना असतो, तंबाखू घेता का? समोर पन्नाशीच्या मावशी बसलेल्या असतात, डोक्यावरचा पदर सारखा करत. "मावशी, तंबाखू खाता का?" "छे हो डॉक्टर, आमच्या घरात कुणीच नाही." केसपेपरवर 'नाही' लिहून पुढे जाणं सोपं असतं. आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. "दात कशानं घासता?" "मिश्रीनं." "दिवसातून किती वेळा?" मग हिशेब निघतो, सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळी, रात्री झोपताना. "मिश्रीबिगर पोट साफ होत नाही बघा." मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. महाराष्ट्रातल्या लाखो बायका तिला व्यसन मानत नाहीत, स्वच्छता मानतात. त्यामुळे तंबाखू सोडा म्हटलं तर त्या मनापासून मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटानं तीच पूड ताज्या जखमेच्या कडेनं फिरवतात. दोष त्यांचा नाही. विचारणाऱ्याला विचारता आलं पाहिजे.

राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली; सुपारी आणि गुटखा चघळून ज्यांचं तोंड आतून कडक झालं आहे असे तरुण तरीही येतातच. त्यांना वाटतं तोंड दाढेमुळे उघडत नाही. आपली तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत, ही घरच्या घरी करायची परीक्षा. ती बोटं कायमच जात नसतील तर दाढेआधी तो आजार दाखवा. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. दाढेनंतरचे तीन दिवस तरी तंबाखूला हात लावायचा नाही, हे मी कमीत कमी म्हणून सांगतो. आठवडाभर सोडता आली तर पुढेही सुटते, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. दुखण्याचा धाक असतो तोवर मन वळतं.

मुली आणि बायकांना आणखी एक गोष्ट सांगतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही ड्राय सॉकेटची शक्यता वाढते. सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेला असताना हे विचारलं तर खरं उत्तर येत नाही, म्हणून आम्ही एकांतात विचारलं पाहिजे आणि तुम्ही मोकळेपणी सांगितलं पाहिजे. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, मधुमेह असेल, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील, तर तेही.

दुखण्याबद्दल लोकांचे दोन टोकाचे स्वभाव दिसतात. काही जण गोळी घ्यायचीच नाही म्हणून दात आवळून बसतात, काही जण तासातासाला घेतात. भूल दोन-तीन तासांनी उतरू लागते. ती पूर्ण उतरण्याआधीच पहिली गोळी पोटात गेलेली असावी, थोडं खाऊन. सरळ प्रकृतीच्या माणसाला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी बहुधा पुरेशी असते. ज्यांना अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा अशा गोळ्यांनी उठणारा दमा आहे, जे रक्त पातळ करणारं औषध घेतात, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी आयबुप्रोफेन टाळायचं. हे मी इतक्या खात्रीनं सांगू शकतो त्याला कारण आहे. वेदनाशामक औषधांची परीक्षा जगभर वर्षानुवर्षं याच रुग्णांवर होत आली आहे. अक्कलदाढ काढलेला माणूस तरुण, एरवी निरोगी असतो, आणि त्याची वेदना ठरावीक वेळी सुरू होऊन ठरावीक काळ टिकते, म्हणून औषधाचा गुण नीट मोजता येतो. तुमच्या घरातल्या डोकेदुखीच्या गोळीबद्दल जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळ या दाढेनं शिकवलेलं आहे.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. तिसऱ्या दिवशी आरशात पाहून घाबरू नका. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं धरायचा, मग तेवढीच विश्रांती. आजीबाईंचा गरम विटेचा किंवा तव्यावरच्या फडक्याचा शेक मात्र द्यायचा नाही. त्यानं रक्तस्राव वाढतो, आणि आत पू असेल तर तो गालातून बाहेर फुटतो. झोपताना डोक्याखाली जास्तीची उशी घ्या. चोवीस तासांनंतर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दर जेवणानंतर तोंड भरायचं, डोकं कलवून पाणी फिरवायचं आणि तोंड उघडून सांडू द्यायचं. जखमेवर पांढरट-पिवळा थर दिसतो तो पू नसतो. काडीनं खरवडू नका. बाकीचे दात पहिल्या रात्रीपासून मऊ ब्रशनं घासायचे, फक्त जखमेची बाजू सांभाळून.

खाण्याचं आपल्या स्वयंपाकघरात फार सोपं आहे, त्यासाठी बाजारातलं काही आणावं लागत नाही. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट, मऊ आणि बारीक बिया नसलेलं. दहीभात, आटवल, मुगाची पातळ खिचडी, नाचणीचं सत्त्व, दुधात कुस्करलेली भाकरी, रव्याची लापशी, कुस्करलेलं केळं. ताक पेल्यानं प्यावं. फोडणीतली मोहरी आणि जिरं आठवडाभर बाजूला ठेवा. टाक्याखाली गेलेली एक मोहरी काढायला आम्हाला मिनिटं लागतात आणि रुग्णाला घाम फुटतो. तीळ, शेंगदाण्याचं कूट, चिवडा, चुरमुरे, झणझणीत रस्सा हे सगळं पुढच्या आठवड्यात. उपास करू नका. दाढ काढून घेतली त्याच दिवशी एकादशी आली म्हणून उपाशीपोटी गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येते. आइस्क्रीमबद्दल लहानथोर सगळे विचारतात. चालतं, फक्त त्यात सुकामेवा नको.

काही लक्षणांत वाट पाहायची नाही. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढते, थंडी वाजून ताप येतो, गिळता येत नाही, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, आवाज घोगरा होतो, श्वास जड होतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठं रुग्णालय गाठा. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर असेल तर तेही त्याच दिवशी कळवा.

आता माझ्या सहकाऱ्यांसाठी. या सभागृहात बरेच दंतवैद्य बसले आहेत, काही माझे विद्यार्थी आहेत. तुमचे हात माझ्यापेक्षा चपळ आहेत, यंत्रं चांगली आहेत. पण सूचनांचा कागद अजूनही पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत आहे, आणि तो काउंटरवर पैसे घेताना पावतीबरोबर दिला जातो. माझी विनंती आहे की तो मराठीत, ठळक अक्षरांत छापा. रुग्ण तपासणीला येईल त्या दिवशीच द्या, शस्त्रक्रियेच्या दिवशी नको. बरोबर जो येईल, म्हणजे आई असो, नवरा असो की खोलीवरचा मित्र असो, त्याला खुर्ची द्या आणि सगळं त्याच्यासमोर सांगा, कारण खिचडी तो करणार आहे आणि रात्री बर्फ तोच धरणार आहे. मिश्रीचं नाव घेऊन विचारा. तिसऱ्या दिवशी तुम्ही होऊन एक फोन करा. ड्राय सॉकेट होणार असेल तर तो त्याच सुमारास बोलायला लागतो. आणि कागदाच्या सर्वांत खाली, मोठ्या आकड्यांत, रात्री उचलला जाईल असा फोन नंबर लिहा.